फोर बाय टूचा गिअरबॉक्स फोर बाय फोरला बसवताना

माझ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस या पिकअप गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २३ सप्टेंबर २०२५ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, माझ्याच चुकीने पाण्यात गेला आणि तीच गाडी चारही चाकांच्या जोरावर पुन्हा शेतात उतरली ती ३१ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या चार महिन्यांत फोर बाय टू (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद मिळणाऱ्या) गाडीचा गिअरबॉक्स विकत घेऊन तो फोर बाय फोरच्या (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीच्या) कामाचा करून घेण्याचा उद्योग मी सोलापुरात राहून केला. तो सुरू करताना मला विचारायला माणूस मिळत नव्हता. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी निम्म्यांनी "सरळ बसतो" असे सांगितले आणि उरलेल्यांनी "बसतच नाही" असे सांगितले. दोन्ही उत्तरे चुकीची होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या आठवड्यात सीना नदीला आलेला पूर सोलापूर जिल्ह्यातील कोणीही विसरणार नाही. आमचे शेत तिऱ्ह्याच्या अलीकडे, नदीपासून काही अंतरावर आहे, आणि वाटेत एक ओढा लागतो. एरवी त्यात पायाचा घोटाही बुडत नाही. पंपाचे स्टार्टर काढून आणायचे म्हणून मी गाडी ओढ्यात घातली, मध्यावर पोहोचल्यावर पाणी दाराच्या उंबऱ्याच्या वर आले, आणि मी घाबरून तिथेच दोन-तीन मिनिटे थांबलो. इंजिन बंद पडले नाही, गाडी पलीकडे गेली, त्यामुळे आपण सुटलो असेच मला वाटले. नंतर गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी समजावले तेव्हा कळले की नेमके ते थांबणेच नडले होते. तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते, आणि हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूला जी ब्रीदरची नळी दिलेली असते तिच्या तोंडापर्यंत पाणी आलेले असेल तर ती नळी पाणी आत ओढून घेते.

दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतेच गुरगुरू लागले आणि वेग मात्र वाढेना. २५ तारखेला ४,५०० रुपये देऊन गाडी ओढून शहरात आणली. २७ तारखेला गिअरबॉक्सच्या चेंबरचा, म्हणजे तळाशी तेल साठते त्या भांड्याचा, नट सैल केला तेव्हा लालभडक तेलाऐवजी गुलाबी दुधासारखा फेसाळ द्रव बाहेर आला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लचच्या चकत्यांवर कागदासारखे अस्तर चिकटवलेले असते. ते अस्तर पाणी शोषून घेते, फुगते, आणि त्याखालचा चिकटा सुटू लागतो. त्यामुळे तेल बदलून काम भागत नाही. आमच्या चेंबरमध्ये त्या अस्तराचा काळपट गाळ साचला होता, आणि तो पाहिल्यावर माझ्या मनातील उरलीसुरली आशा संपली.

इथे माझ्या अडचणीचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे क्लच दाबण्याची गाडी मला फार वेळ चालवता येत नाही. दुसरीकडे आमची जमीन काळी आहे, आणि पावसाळ्यात त्या चिखलात फोर बाय टू गाडी घालणे म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला आमंत्रण देणे होय. त्यामुळे ऑटोमॅटिकही हवी आणि फोर बाय फोरही हवी, या दोन्ही अटी माझ्यासाठी चैनीच्या नव्हत्या. नव्या संपूर्ण गिअरबॉक्सची चौकशी केली तर किंमत सहा लाखांच्या घरात जात होती. फोर बाय फोर ऑटोमॅटिकचा जुना, चालू स्थितीतील गिअरबॉक्स पुणे, मुंबई आणि हैदराबाद या तिन्ही ठिकाणी फोन करूनही मिळाला नाही. या गाड्याच आपल्याकडे मोजक्या, आणि त्यातही फोर बाय फोर ऑटोमॅटिक त्याहून मोजक्या.

विम्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला कळवले होते, ३० सप्टेंबरला सर्व्हेअर येऊन गेले, आणि १४ ऑक्टोबरला पत्र आले की गालिचे, आसने आणि विजेच्या जोडण्यांची सफाई मंजूर आहे, गिअरबॉक्स मात्र नामंजूर आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, तरी पाण्यातून गाडी चालवल्यामुळे इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे आतून झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते आणि त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता भरून घ्यावे लागते. ते मी दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवण्यासाठी काढून टाकले होते. पॉलिसीचा मजकूर शांतपणे वाचल्यावर कंपनीचे म्हणणे मला खोडता आले नाही, म्हणून मी वाद वाढवला नाही. ज्यांच्याकडे ते कलम असूनही दावा नाकारला गेला असेल त्यांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी, महिनाभर वाट पाहावी, आणि उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास पुण्यातील विमा लोकपालांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. माझ्या खात्यावर शेवटी १८,७०० रुपये जमा झाले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मिस्त्रींनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावून घेतले. ते हैदराबाद रोडच्या बाजूला गेली वीस-बावीस वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीच कामे करतात. माझा गिअरबॉक्स तोपर्यंत गाडीतून उतरलेला होता. त्याच्या मागच्या टोकावर हात ठेवून ते म्हणाले, "मालक, फोर बाय टूचा डबा मिळतोय का बघा. पोट दोघांचं एकच असतंय, फरक हाय तो शेपटीत." मी आनंदाने विचारले की मग शेपूट काढून शेपूट लावायचे एवढेच काम आहे का. त्यावर ते हसले. "शेपूट बदलायचं म्हणजे पोट उघडावं लागतंय."

हे वाक्य मला पुढे रोज आठवत राहिले. मागच्या दोनच चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा, म्हणजे आउटपुट शाफ्ट, लांब असतो. तो एका लांबट टेल हाउसिंगमधून जातो, आणि त्याच्या टोकावर प्रोपेलर शाफ्टचे तोंड मागेपुढे सरकत बसते. फोर बाय फोर गाडीत त्याच जागी ट्रान्सफर केस जोडायची असते, कारण गिअरबॉक्सकडून आलेली ताकद मागच्या आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये वाटण्याचे काम ती करते. म्हणून तिथे शाफ्टची लांबी वेगळी, टोकाच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दाते) वेगळ्या, आणि टेल हाउसिंगऐवजी ट्रान्सफर केसला घट्ट बसेल असे अ‍ॅडॉप्टर हाउसिंग असते. हाउसिंग तर बाहेरून बोल्ट काढून बदलता येते. शाफ्टचे तसे नाही. आमच्या गिअरबॉक्समध्ये तो आतल्या बाजूने अडकवलेला होता, मागून ओढून निघणारा नव्हता, त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), ऑइल पंप, क्लचचे ड्रम आणि ग्रहगतीचे गिअर अशी पुढून मागेपर्यंत सगळी उतरंड काढल्यावरच तो हाती लागणार होता. म्हणजे दोन्ही गिअरबॉक्स पूर्ण उघडायचे, निरोगी पोट फोर बाय टूच्या डब्यातून घ्यायचे, शाफ्ट आणि शेपूट माझ्या जुन्या डब्यातून घ्यायचे, असा बेत ठरला. पाण्याने क्लच खराब केले होते, पण शाफ्टचे पोलाद शाबूत होते, हे आमचे नशीब.

शोध घेताना एक गोष्ट उपयोगी पडली. भारतात व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक २०२१ पासून फोर बाय टू आणि फोर बाय फोर अशा दोन्ही रूपांत मिळत आली आहे आणि दोन्हींत १.९ लिटरचे तेच डिझेल इंजिन आहे. त्यामुळे बेल हाउसिंग (इंजिनाला जोडले जाणारे गिअरबॉक्सचे पुढचे कवच) जुळेल की नाही ही चिंता उरली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील एका जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे अपघातात मोडलेल्या फोर बाय टू ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स असल्याचे कळले, आणि ८ नोव्हेंबरला मिस्त्रींना घेऊन मी पुण्याला गेलो.

जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कसा पाहावा हे मी त्या दिवशी शिकलो. मिस्त्रींनी आधी तेलाचे चार थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकून वास घेतला. जळकट वास आला असता तर आम्ही तिथूनच परतणार होतो. मग विक्रेत्याची परवानगी घेऊन त्यांनी चेंबर उतरवला आणि आतील लोहचुंबक बोटांनी पुसून पाहिले. चुंबकावर बारीक करड्या रंगाची पेस्ट असणे हे झिजेचे साधारण लक्षण आहे. टोचणारे तुकडे असतील तर आत काहीतरी तुटलेले आहे असे समजावे. अपघात समोरून झालेला असल्याने बेल हाउसिंगवर तडा आहे का हे त्यांनी टॉर्च लावून, नखाने चाचपून पाहिले. शेवटी माझ्या जुन्या डब्याचे अ‍ॅडॉप्टर हाउसिंग, जे आम्ही गोणपाटात गुंडाळून सोबत नेले होते, ते तिथल्या डब्याच्या मागच्या तोंडाशी धरून बोल्टची भोके जुळवली. हा शेवटचा खटाटोप हास्यास्पद वाटेल, पण फोटोवरून भोके जुळवता येत नाहीत. ती जुळली नसती तर आमचा सगळा बेत तिथेच संपला असता.

किंमत ८५,००० रुपये ठरली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, तेवढाच दिलासा. मी पक्क्या बिलाचा आग्रह धरला, आणि त्या आग्रहापायी अठरा दिवस गेले. जुना भाग घेताना तो चोरीच्या गाडीचा नाही याचा पुरावा आपल्याजवळ असणे फार गरजेचे आहे. म्हणून बिलावर गिअरबॉक्सचा क्रमांक, ज्या गाडीतून तो काढला तिच्या चॅसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे, आणि सोबत त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत, अशा तीन गोष्टी मी मागितल्या. पहिल्या दोन लगेच मिळाल्या. तिसरी प्रत येईपर्यंत मी पैसे दिले नाहीत, आणि विक्रेत्याने दोनदा "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे" असे सांगूनही मी थांबलो. त्या काळात माझी झोप उडाली होती हे कबूल करतो. २६ नोव्हेंबरला प्रत आली.

मग आणखी एक गंमत झाली. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मर्यादा एक लाख रुपये आहे; त्यावरच्या मालाला ते लागते, आणि किंमत करासह मोजतात. ८५,००० वर १५,३०० कर धरला की १,००,३०० होतात, म्हणजे अवघ्या तीनशे रुपयांसाठी ई-वे बिल लागले. पुणे-सोलापूर अंतर दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त असल्याने त्याची मुदत दोन दिवसांची मिळाली. ३,४०० रुपये भाडे देऊन २९ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, गिअरबॉक्स गॅरेजमध्ये उतरला. ट्रान्सपोर्टने पाठवताना त्यातील तेल पूर्ण काढून, सगळी तोंडे प्लास्टिकने बंद करून, लाकडी चौकटीत बांधून पाठवण्यास सांगावे. टॉर्क कन्व्हर्टर तारेने बांधून घ्यावा, नाही तर वाटेत तो पुढे घसरतो आणि पंपाच्या सीलचे नुकसान होते.

आरटीओचा प्रश्न मला सुरुवातीपासून छळत होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. माझी गाडी मुळातच फोर बाय फोर ऑटोमॅटिक होती आणि दुरुस्तीनंतरही तशीच राहणार होती. इंजिन क्रमांक आणि चॅसिस क्रमांक बदलणार नव्हते. तरीही मी १५ डिसेंबरला सोलापूरच्या कार्यालयात एक साधा अर्ज केला, त्यात काय बदलत आहे आणि काय बदलत नाही हे लिहिले, बिलाची प्रत जोडली आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतली. आरसीवर नोंद करण्यासारखे यात काही नाही असे खिडकीवर तोंडी सांगण्यात आले. ती पोच मी गाडीच्या कागदांसोबत ठेवतो. मात्र ज्यांची गाडीच फोर बाय टू आहे आणि जे तिला फोर बाय फोर करू पाहतात, त्यांचा मामला निराळा आहे. त्यांच्या आरसीवरील मॉडेलचे नावच बदलत्या वस्तुस्थितीशी जुळणार नाही, तेव्हा त्यांनी एक बोल्टही सैल करण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

काम ३ डिसेंबरला सुरू झाले होते. मिस्त्रींनी एक खोली पाण्याने धुऊन, पंखा बंद करून, टेबलावर पांढरे कापड अंथरून घेतली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू धूळ आहे. तेलाचा दाब योग्य क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद वाटांत कापडाचा एक धागा अडकला तरी गिअर पडताना झटका बसू लागतो, त्यामुळे पुसायलाही सुताचे फडके वापरायचे नाही. आपल्या गावात धागा नाही अशी जागा शोधायची म्हणजे कठीणच, आणि माझे तर टॉवेलचे लहानसे युनिट आहे. पहिल्या दिवशी मी कारखान्यातून तसाच गेलो तेव्हा मला दाराबाहेर शर्ट झटकायला लावले होते.

आधी माझा बिघडलेला डबा उघडला. प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने टेबलावर मांडला, आणि प्रत्येक टप्प्यावर मी फोनने छायाचित्र काढले. सुटे बेअरिंग आणि पातळ वॉशर कोणत्या बाजूने तोंड करून बसले होते हे डोक्यात ठेवण्याचा प्रयत्न करू नये, छायाचित्रच काढावे. शेवटी शाफ्ट हातात आला. मग पुण्याचा डबा उघडला आणि त्याचा शाफ्ट शेजारी ठेवला. दोघांमधील फरक सगळा मागच्या टोकाकडे होता. आतल्या बाजूच्या स्प्लाइन, बेअरिंगची जागा आणि पार्किंगचा गिअर व्हर्नियरने मोजून पाहिले तेव्हा ते जुळले. त्या रात्री मी घरी जाऊन पहिल्यांदा पोटभर जेवलो.

एक अडचण लगेच उभी राहिली. शाफ्टवरील बेअरिंग दाबून बसवण्यासाठी लागणारी खास नळी आमच्याकडे नव्हती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे शाफ्ट आणि बुश बनवणारे एक लेथवाले आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी बेअरिंग घेऊन गेलो, त्यांनी तेलुगूत आपल्या मुलाला काहीतरी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी नळी व सील बसवायची चकती तयार होती. दोन्ही मिळून २,६०० रुपये. मायक्रोमीटरने मोजून पाहिले तर मापात फरक सापडला नाही.

गास्केट, ऑइल सील, फिल्टर आणि क्लचच्या नव्या चकत्या असा संच दिल्लीहून मागवला. पुण्याच्या डब्यातील चकत्या चांगल्या दिसत होत्या, तरी एकदा एवढे उघडल्यावर जुन्या चकत्या परत घालणे मिस्त्रींना मान्य नव्हते, आणि मलाही पटले. ९ डिसेंबरला ३४,५०० रुपये भरले. संच २ जानेवारीला आला. मधल्या काळात दर दोन दिवसांनी पार्सलचा माग काढण्यापलीकडे करण्यासारखे काही नव्हते.

जोडणी ५ जानेवारीला सुरू झाली. नव्या चकत्या रात्रभर तेलात भिजवून ठेवल्या होत्या, कारण कोरड्या चकत्या घातल्यास पहिल्याच फेरीत त्या जळतात. बेअरिंग जागेवर टिकून राहावीत म्हणून साधी पेट्रोलियम जेली लावली. ग्रीस लावायचे नाही, ते तेलात विरघळत नाही आणि वाटा बंद करते. प्रत्येक क्लच पॅकमधील फट फीलर गेजने मोजली. सगळे बसल्यावर शाफ्ट मागेपुढे किती हलतो हे डायल गेजने पाहिले, तर हालचाल पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा ०.२ मिलिमीटरने जास्त भरली. दोन डब्यांचे भाग एकत्र आल्यावर असे होणारच होते. पुन्हा अर्धी उतरंड काढून जाड शिम (फट भरणारी पातळ चकती) घातली. "चालतंय की" म्हणून सोडून देणारा माणूस भेटला असता तर मला ते कळलेही नसते.

नंतर गड्ड्याची यात्रा आली. सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापुरात कोणाकडून काम करून घेण्याची अपेक्षा ठेवणेच चूक आहे, आणि मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा तर १२ तारखेपासूनच गायब होता. मीही शोभेचे दारूकाम पाहायला गेलो.

१९ जानेवारीला, सोमवारी, गिअरबॉक्स गाडीला लागला. माझा पाणी प्यायलेला टॉर्क कन्व्हर्टर आम्ही वापरला नाही, कारण तो बंद भांड्यासारखा असतो आणि आतून पुरता धुता येत नाही. पुण्याच्या डब्याबरोबर आलेलाच बसवला. तो बसवताना हलकेच फिरवत आत ढकलावा लागतो, आणि त्याला आतले तीन टप्पे पकडायचे असतात. प्रत्येक टप्प्याला बारीक खट असा आवाज येतो. दोनच आवाज आलेले असताना बेल हाउसिंगचे बोल्ट आवळले तर पंप फुटतो. मिस्त्री पट्टी लावून खोली मोजल्याशिवाय पुढे गेले नाहीत. तेल थंड करणारा कूलर नवा घातला, ९,२०० रुपये. त्याच्या नळ्या नव्या तेलाने धुऊन घेतल्या. ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे (प्रोपेलर शाफ्टची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या भागांचे) तेलही बदलले, आणि पुढच्या डिफरन्शियलमधून तसाच गुलाबी नसला तरी करडा, गढूळ द्रव निघाला. पुरात गेलेल्या गाडीचा फक्त गिअरबॉक्स पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

गाडीचा मूळ संगणक, म्हणजे गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा कंट्रोल युनिट, आम्ही बदलला नाही. तो फोर बाय फोर गाडीसाठीचाच होता. फक्त आतली व्हॉल्व्ह बॉडी पुण्याच्या डब्यातली असल्याने स्कॅनर लावून संगणकाने जुन्या डब्याप्रमाणे लक्षात ठेवलेली शिकवण पुसावी लागली.

२१ जानेवारीला गाडी रस्त्यावर काढली आणि शंभर मीटरवर ती तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली. डॅशबोर्डवर दिवा लागला. मला वाटले सगळे संपले. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो, आणि मिस्त्री मात्र स्कॅनर घेऊन शांतपणे वाचत होते. दोष आउटपुट स्पीड सेन्सरचा निघाला. शाफ्टवर दातेरी चकती असते, तिचे दात मोजून गाडीचा वेग संगणकाला कळतो, आणि वेग कळला नाही की तो स्वतःच्या बचावासाठी एकाच गिअरवर राहतो. पुण्याच्या शाफ्टवरून काढलेली चकती आम्ही नवीन दिसते म्हणून माझ्या शाफ्टवर घातली होती, आणि ती सेन्सरच्या नाकासमोर यायला हवी तिथून थोडी पुढे बसली होती. माझ्या जुन्या शाफ्टची मूळ चकती कोपऱ्यात पडून होती. हा भाग मागच्या बाजूला असल्याने यावेळी पोट उघडावे लागले नाही; ट्रान्सफर केस आणि अ‍ॅडॉप्टर उतरवून काम झाले. तरी २७ तारीख उजाडली. शेपटीकडचे जे जे काही आहे ते सगळे एकाच गाडीचे असावे, ही गोष्ट आम्हा दोघांनाही आधी सुचायला हवी होती.

तेलाची पातळी पाहण्यासाठी या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल ठरावीक तापमानाला आलेले, आणि मग पातळीचा प्लग उघडून तेल बारीक धारेने येऊन थेंबाथेंबाने गळू लागेपर्यंत थांबायचे. तापमान स्कॅनरवर वाचायचे, हाताने अंदाज करायचा नाही.

३१ जानेवारीला शेतात चाचणी घेतली. फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण अशा पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या, यंत्रणेत पुढची आणि मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात, त्या फरकाला वाव मिळत नाही आणि सगळा ताण नव्या जोडणीवर येतो. आम्ही आदल्या दिवशी पाणी दिलेल्या पट्ट्यात गेलो. टू एचवर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, मागची चाके फिरत जागच्या जागी रुतली. मग फोर एचवर, म्हणजे चारही चाकांवर, बटण फिरवले, दिवा लुकलुकून स्थिर झाला, आणि गाडी हळूच बाहेर आली. न्यूट्रल करून फोर एलही, म्हणजे चारही चाकांचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअरही, लावून पाहिला. पत्नी बांधावर उभी राहून हे सगळे पाहत होती, आणि तिने एवढेच विचारले की आता ओढ्यातून जाणार नाही ना.

एकूण खर्च २,३४,५०० रुपये झाला. त्यात गिअरबॉक्स आणि भाडे १,०३,७००, सुट्या भागांचा संच ३४,५००, मजुरी ४८,०००, २४ लिटर तेलाचे २०,४००, आणि उरलेल्यात कूलर, लेथ, स्कॅनर, ट्रान्सफर केस व डिफरन्शियलची तेले आणि गाडी ओढून आणण्याचे भाडे आले. सर्वात कमी खर्च ब्रीदरची नळी वाढवून बॉनेटखाली उंचावर नेण्याला लागला, ७०० रुपये.

१,००० किलोमीटर झाल्यावर तेल एकदा पुन्हा बदलायचे आहे आणि चेंबरमधील चुंबक पाहायचे आहेत. आत्ता ६४० झाले आहेत. पुण्याच्या डब्यातून निघालेला लांब शाफ्ट गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा आहे. अण्णांनी तो मागितला आहे, पोलाद चांगले आहे म्हणतात. चुंबक पाहून झाले की नेऊन देईन असे मी त्यांना सांगितले आहे.